इंजिनावरील ठशांची पारख

जामुलच्या शेजारी असलेल्या भिलाई पोलाद कारखान्यात तयार झालेल्या रुळाच्या अंगावर दोन प्रकारच्या खुणा आढळतात. कारखान्याचे नाव, रुळाचा प्रकार आणि महिना-वर्ष ही अक्षरे लाटकामाच्या वेळीच उंच उमटतात. धातूच्या घाणाचा क्रमांक मात्र रूळ तप्त असताना खोल ठोकला जातो. अमेरिकेतील जुन्या, बलाढ्य इंजिनांच्या ‘मसल कार’ची पारख करताना हाच भेद प्रथम ध्यानी घ्यावा लागतो. उंच अक्षर साच्यातून येते. खोल अक्षर मागाहून ठोकता येते. म्हणूनच खोल अक्षर अधिक संशयास्पद होय.

शेव्हरले कंपनीच्या व्ही-८ इंजिनाचे उदाहरण घेऊ. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे एक लहान सपाट पट्टी असते. तीवर ‘टी १०१५’ आणि त्यापुढे दोन अक्षरे असल्यास इंजिनाची जुळणी टोनावांडा येथील कारखान्यात १५ ऑक्टोबरला झाली, असा अर्थ होतो. शेवटची अक्षरे इंजिन कोणत्या प्रकारच्या गाडीसाठी होते ते सांगतात. याच इंजिनाच्या ठोकळ्यावर ‘जे २ ८’ ही उंच अक्षरे दिसली, तर ओतकाम २ ऑक्टोबर १९६८ चे ठरते. ओतकाम आधी, जुळणी नंतर आणि गाडीची बांधणी त्याहून नंतर, हा क्रम उलटा आढळल्यास ठसा कितीही सुबक असो, तो ग्राह्य मानता येत नाही. १९६८ च्या प्रतिमानांपासून गाडीच्या क्रमांकाचा काही भागही इंजिनावर ठोकला जाऊ लागला; तो गाडीवरील क्रमांकाशी जुळला पाहिजे.

यानंतर पृष्ठभाग पाहावा. कारखान्यातील यंत्रकामामुळे पट्टीवर बारीक समांतर रेषा उमटतात. त्या पुसट किंवा आडव्यातिडव्या झालेल्या असल्यास पट्टी घासली गेल्याची शंका येते. उलटपक्षी, अंकांची ओळ किंचित वाकडी असणे हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. ठसे माणसाच्या हातांनीच ठोकले जात.

ठसा ठोकताना अंकाखालचा धातूही दबतो. त्यामुळे वरचा अंक कानशीने घासून काढला, तरी खालच्या दबलेल्या धातूवर विशिष्ट आम्लद्रावणाची क्रिया वेगळ्या प्रमाणात होऊन कित्येकदा मूळ आकडा पुन्हा दिसू लागतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा चोरीच्या वाहनांसाठी ही रीत वापरतात. ओतीव लोखंडावर हे काम अधिक कठीण असते.

भारतातही हा प्रश्न केवळ शौकिनांचा नाही. २०२१ मध्ये केंद्र शासनाने केलेल्या नियमांनुसार, प्रथम नोंदणीस पन्नास वर्षे लोटलेल्या वाहनाला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. परंतु त्याचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. बाहेरून आणलेली वाहनेही या नियमांत येतात.

तेव्हा जुनी गाडी हाती आल्यावर गंजलेली पट्टी चकचकीत करण्याचा मोह टाळणे श्रेयस्कर. मऊ कापड आणि थोडे तेल एवढ्याने मळ निघतो. पॉलिश कागद मळाबरोबर त्या सूक्ष्म रेषाही नेतो, आणि मग खरा ठसासुद्धा स्वतःची साक्ष देऊ शकत नाही.