मेजावरची रणभूमी



मिनिएचर वॉरगेममध्ये, म्हणजे छोटे शिपाई मेजावर मांडून खेळायच्या युद्धखेळात, सैन्य ज्याचे त्याचे असते, जमीन मात्र दोन्ही खेळाडूंची एकच असते. टेकडी, नदी, गाव, रान, रस्ता, कुंपण या सगळ्याला मिळून टेरेन म्हणतात. शोभेचा देखावा आणि टेरेन यांत मूलभूत फरक आहे. देखावा पाहण्यासाठी असतो. टेरेनवरून फौज चालवायची असते. तोफेची नजर कुठे अडेल, घोडदळ कुठे मंदावेल, पायदळाला आडोसा कुठे मिळेल, हे सारे टेरेन ठरवते. त्यामुळे कोणताही तुकडा बनवण्यापूर्वी किंवा विकत घेण्यापूर्वी तो डावात काय काम करणार, हे आधी ठरलेले असावे. ज्या तुकड्याला काम नाही, तो कितीही देखणा असला तरी संग्रहात जागा अडवतो.

सुट्या तुकड्यांची जमीन ही या खेळाची फार जुनी कल्पना आहे. प्रशियात १८१२ मध्ये गेओर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्यासाठी युद्धखेळाचे एक मेज तयार केले. त्यातली जमीन सुट्या चौकोनी तुकड्यांची होती. ते हवे तसे जुळवले की प्रत्येक डावाला नवी रणभूमी मिळे. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये हाच खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशांवर नेला आणि तो लष्करी प्रशिक्षणाचे साधन झाला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातले शिपाई आणि लाकडी ठोकळ्यांची घरे घेऊन जमिनीवर लढाया मांडल्या. डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ च्या ‘वॉर गेम्स’ने हा छंद ब्रिटनमध्ये अनेकांपर्यंत पोचवला, आणि १९८३ मध्ये आलेल्या ‘वॉरहॅमर’ या खेळाने काल्पनिक जगातल्या लढाया लोकप्रिय केल्या. साहित्य बदलत गेले, तुकडे सुटे ठेवण्याची रीत मात्र टिकली, कारण मोजक्या तुकड्यांतून अनेक रणभूमी उभ्या करण्याची सोय दुसऱ्या कशातच नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांचा हात या कामावर दिवाळीच्या किल्ल्याने आधीच बसलेला असतो. दगड, माती, पोत्याचे कापड, पेरलेले अळीव, बुरुज आणि मावळे ही सगळी टेरेनचीच तयारी आहे. फरक इतकाच की किल्ला सणापुरता असतो आणि जागेवरच राहतो. टेरेन उचलायचे, रचून ठेवायचे आणि वर्षानुवर्षे वापरायचे असते. म्हणून ते हलके, टणक आणि सुटे हवे.

पहिला निर्णय प्रमाणाचा. मिनिएचरची उंची मिलिमीटरमध्ये सांगतात. ६, १०, १५ आणि २८ मिमी ही आज रुळलेली मापे आहेत. १५ मिमीचा शिपाई साधारण १:१०० प्रमाणाचा धरतात आणि २८ मिमीचा १:५६ ते १:६४ च्या दरम्यान. घरे, झाडे, कुंपणे या मापाला धरून हवीत. शिपाई तळपट्टीवर उभा असल्याने तो मुळापेक्षा दोन-तीन मिमी उंच दिसतो, म्हणून २८ मिमीसाठी घराचे दार ३५ ते ४० मिमी उंच ठेवावे. नेमक्या हिशेबाने कापलेले दार मेजावर बुटके वाटते.

मोठ्या लढाईत जमिनीचे प्रमाण शिपायाच्या प्रमाणाहून वेगळे असते. हे नीट समजून घेतले नाही तर पुढचे सगळे गणित चुकते. नेहमीचे मेज ६ फूट बाय ४ फुटांचे, म्हणजे सुमारे १८० बाय १२० सेंमी असते. त्याच्या लांबीवर ३.६ किलोमीटरचे मैदान बसवले तर १ सेंमी म्हणजे २० मीटर होतात. या हिशेबात १० सेंमी रुंदीचे एकच घर २०० मीटर जागा व्यापते. म्हणून तीन घरे मिळून पूर्ण गाव आणि पाच झाडे मिळून पूर्ण आमराई मानायची, हा या खेळाचा संकेत आहे. गावाचा विस्तार तळाच्या तुकड्याने दाखवावा. घरे त्यावर सुटी ठेवावी, म्हणजे पलटण गावात शिरली की घर बाजूला सरकवता येते.

ऐतिहासिक लढाईसाठी टेरेन करायचे तर नकाशा आधी आणि कटर नंतर. याचे उत्तम उदाहरण जालना जिल्ह्यातल्या असईचे आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेची ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेशी गाठ पडली. वाटाड्यांनी जवळपास नदी ओलांडायला उतार नसल्याचे सांगितले होते. वेलस्लीने मात्र केळणेच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली आणि त्यांच्यामध्ये उतार असणारच हे ताडले. तो तिथून नदी ओलांडून शिंद्यांच्या बाजूवर आला. तेव्हा शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनानी पोलमन याने आपली रांग फिरवली. तिचे उजवे टोक केळणेला आणि डावे असई गावाला टेकले. दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या जागेत वेलस्लीला पुढून हल्ला करणे भाग पडले. गावाच्या फार जवळ गेलेल्या त्याच्या ७४ व्या पलटणीची तिथल्या माऱ्याने प्रचंड हानी झाली.

या लढाईसाठी मेजावर काय हवे ते या हकिगतीतूनच ठरते. दोन नद्या, उंच काठ, उताराची जागा, समोरासमोरची दोन गावे, तटबंदीचे असई आणि मधले मोकळे मैदान. उंच काठ न दाखवता नुसती निळी पट्टी अंथरली तर खेळाडू कुठूनही नदी ओलांडेल आणि उताराला काही अर्थच राहणार नाही. लढाईचा निकाल जमिनीच्या ज्या गुणावर फिरला, तो गुण मेजावर स्पष्ट उमटला पाहिजे. बाकीच्या तपशिलात काटकसर चालते.

तळासाठी सर्वात सोपे साधन म्हणजे रंगवलेले जाड कापड किंवा छापील चटई. कापडाखाली पुस्तके, पुठ्ठे सरकवले की सौम्य चढ-उतार मिळतात. दोन फुटी चौकोनी पाट्यांची जमीन अधिक देखणी होते, पण तिला साठवायला जागा लागते आणि जोड दिसतात. घर लहान असेल तर कापडच घ्यावे. रंग प्रदेशाचा असावा. मराठवाड्याच्या काळ्या मातीवर इंग्लंडच्या कुरणाची हिरवळ शोभत नाही.

टेकडीसाठी एक्सपीएस, म्हणजे छताच्या उष्णतारोधनासाठी वापरतात तो दाट फोम उत्तम. तो २५ आणि ५० मिमी जाडीत मिळतो आणि धारदार कटरने स्वच्छ कापला जातो. नेहमीच्या थर्माकोलचे मणी सुटतात. शिवाय महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे तो विकत आणू नये. घरातल्या यंत्रांच्या खोक्यांतून आलेला मात्र जरूर कामी लावावा. टेकडीची बाजू फार उतरती केली की शिपाई घसरतात. त्यावर पायऱ्यांची टेकडी हा उपाय आहे. प्रत्येक थर २५ मिमीचा ठेवावा आणि पायरी पलटणीची तळपट्टी पूर्ण मावेल इतकी रुंद करावी. दख्खनच्या डोंगरांना हा आकार जन्मजातच आहे. बेसाल्टच्या थरांमुळे ते पायऱ्यापायऱ्यांनी चढतात, त्यामुळे इथे खेळाची सोय आणि भूगोल यांचे भांडण होत नाही.

टेकडीची कृती अशी. फोमवर आकार काढून कटरचे पाते थोडे तिरके धरून कापावे. थर फेव्हिकॉलने चिकटवून वर वजन ठेवावे आणि रात्रभर सुकू द्यावे. फोमच्या मधोमध हवा पोचत नसल्याने गोंद वरवर सुकलेला दिसतो आणि आत ओला राहतो. घाई केल्यास थर सरकतात. कडेला जिथे कातळ दाखवायचा तिथे झाडाच्या सालीचा तुकडा दाबावा, तिची रेघ न रेघ फोममध्ये उमटते. मग पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल सगळीकडे फासून चाळलेली बारीक वाळू भुरभुरावी. सुकल्यावर वरून पातळ फेव्हिकॉलचा आणखी एक हात द्यावा. हा दुसरा हात दिला नाही तर वाळू वर्षभरात झडते.

रंग पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिकच घ्यावेत. स्प्रे रंगातील द्रावकाने फोम आणि थर्माकोल विरघळतात. पहिला हात गडद तपकिरी. त्यावर कोरड्या ब्रशचे काम: फिका रंग ब्रशला लावून तो कागदावर जवळजवळ पूर्ण पुसावा आणि ब्रश पृष्ठभागावरून हलकेच फिरवावा. उंचवट्यांवर रंग बसतो, खाचा गडद राहतात आणि वाळूचा कण न कण उठून दिसतो. आणखी फिक्या रंगाने हेच पुन्हा, पण कमी जागेवर करावे. शेवटी गवताचे ठिपके लावावेत. सगळी टेकडी गवताने झाकू नये, मातीही दिसू द्यावी.

नदी ३ मिमी एमडीएफच्या पट्ट्यांवर करावी. सर्व पट्ट्यांची टोके एकाच रुंदीची ठेवावी, म्हणजे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला जुळते. काठ पुट्टीने उचलून घ्यावेत. पाण्याचा रंग मध्यभागी गडद आणि काठाकडे फिका असावा. सप्टेंबरातल्या दख्खनच्या नदीला निळा नव्हे, गढूळ तपकिरी रंग द्यावा. वर चकचकीत वार्निशचे पातळ हात एकावर एक दिले की पाण्याची खोली भासते. एमडीएफ कापताना आणि घासताना तोंडाला मास्क हवाच, आणि तापलेल्या तारेने फोम कापायचा तर खिडक्या उघड्या ठेवून. ही शिस्त कोणत्याही कौशल्याच्या आधी येते.

मराठवाड्यातली धाब्याची घरे नवशिक्यासाठी वरदान आहेत, कारण सपाट माळवदामुळे छपराचा अवघड भागच गळतो. पुठ्ठ्याचे किंवा फोम बोर्डाचे खोके, त्यावर पुट्टीचा ओबडधोबड थर आणि काड्यांचे वासे एवढ्यात घर होते. माळवद सुटे ठेवले तर आत शिपाई ठेवता येतात. गावाभोवती निवडुंगाचे कुंपण हवे. पंचिंग मशीनमधून निघालेल्या जाड कार्डाच्या चकत्या एकमेकींच्या कडेला चिकटवत गेल्या की २८ मिमीच्या मापाचा फड्या निवडुंग तयार होतो. हे काम सावकाश करावे लागते, पण असे कुंपण बाजारात मिळत नाही आणि ते पाहताच प्रदेश ओळखू येतो.

झाडांसाठी तार पिळून खोड करावे आणि रंगवलेल्या स्पंजाचे तुकडे पालवी म्हणून लावावेत. बाभळीचा विस्तार वरून चपटा, वडाचा घेर रुंद. एवढी ओळख पुरते. काथ्याच्या पायपुसणीचे तुकडे उभ्या पिकाचे शेत म्हणून जगभरचे वॉरगेमर वापरतात, आणि तिथे कोकणच्या काथ्याला तोड नाही. वाळलेली चहापत्ती पाचोळा होते. अशा नैसर्गिक वस्तू आधी कडक उन्हात वाळवाव्यात, मग पातळ फेव्हिकॉलने बंद कराव्यात. झाडे तळाला कायमची चिकटवू नयेत. रानाची सीमा पातळ तुकड्याने दाखवून झाडे त्यावर सुटी उभी करावीत.

संग्रह क्रमाने वाढवावा. आधी तळ, मग दोन टेकड्या, दोन-तीन रानाचे तुकडे, रस्ता आणि कुंपणे. नदी आणि गाव त्यानंतर. एक प्रदेश पुरा झाल्याशिवाय दुसरा सुरू करू नये. वाळवंटाचे घर, बर्फातले रान आणि कोकणातली वाडी असे सुटे सुटे घेतले की दहा सुंदर वस्तू जमतात आणि एकही रणभूमी उभी राहत नाही. विकत घेतलेल्या रेझिनच्या किंवा थ्रीडी प्रिंटच्या वस्तूंनाही आपल्याच मातीचे रंग द्यावेत, म्हणजे त्या हातच्या तुकड्यांत मिसळून जातात. त्यासाठी रंगांची मिश्रणे वहीत लिहून ठेवावीत. दोन वर्षांनी नवी टेकडी करताना ती वही लागते.

साठवण हा या छंदाचा निम्मा भाग आहे. पारदर्शक झाकणाचे डबे, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असावी. पावसाळ्यात भुसा, काथ्या, पुठ्ठा यांना बुरशी लागते, म्हणून डबे जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नयेत. किडीसाठी डांबराच्या गोळ्या घालू नयेत. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीनच्या वस्तू मऊ पडून खराब होतात. पावसाळा संपला की सगळे डबे उघडून वारा द्यावा.

डाव मांडताना मेजाच्या दोन्ही बाजूंना सारखी संधी मिळेल असे पाहावे. शिपायाच्या उंचीवर डोळे नेऊन कुठून काय दिसते ते तपासावे. थोड्या शिपायांच्या चकमकीला दाट टेरेन लागते, रांगेने लढणाऱ्या पलटणींना मोकळे मैदान. खेळ सुरू होण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याबरोबर प्रत्येक तुकड्याचा अर्थ ठरवावा. या रानातून तोफ जाते का, हे कुंपण आडोसा देते का, नदी कुठे ओलांडता येते, हे आधी बोलून घेतले की मधे वाद होत नाहीत. तुकडे हाताळायला सर्वांना मुभा द्यावी. हातात आल्यावर जे टिकत नाही ते दुरुस्त करून अधिक मजबूत करावे, कारण टेरेन वापरासाठीच बनवलेले असते.