गवतावरची न्यायसभा : रवांडातील लोकसहभागाचा अभ्यास

हिंसाचाराने मोडलेला समाज पुन्हा उभा करावयाचा म्हटले की ‘लोकसहभाग’ हा शब्द सर्वप्रथम पुढे येतो. आफ्रिकेतील रवांडा या छोट्या, डोंगराळ देशाचा इतिहास हा शब्द जपून वापरावयास शिकवतो.

एप्रिल ते जुलै 1994 या सुमारे शंभर दिवसांत तेथे आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. मृतांत बहुसंख्य तुत्सी होते. संहाराला विरोध करणारे हुतूही होते. मारेकऱ्यांत सैन्य व सशस्त्र टोळ्यांच्या जोडीला शेजारीपाजारी होते. ‘उमुगांडा’ ही सामुदायिक श्रमदानाची प्रथा तेथे पूर्वीपासून होती. संहाराच्या काळात गावोगावच्या अधिकाऱ्यांनी माणसे जमविण्याच्या त्याच सवयीचा उपयोग केला आणि हत्येला ‘काम’ असे नाव दिले. म्हणजे सहभाग तेव्हाही होताच. आपल्या वसतिगृहांत श्रमदानाचे संस्कार घेऊन बाहेर पडलेल्या वाचकांना ही गोष्ट अस्वस्थ करील; तिने करावेही.

संहारानंतर न्यायव्यवस्था जवळजवळ नष्ट झाली होती. तुरुंगांत लाखाहून अधिक संशयित कोंबलेले होते. संयुक्त राष्ट्रांचे न्यायाधिकरण टांझानियातील आरुशा येथे बसले, पण त्याने दोषारोप ठेवले ते अवघ्या 93 जणांवर. उरलेल्यांचे काय करावयाचे? तेव्हा ‘गचाचा’ ही जुनी पद्धत नव्या कायद्याने पुढे आणली गेली. गचाचा म्हणजे गवत; पूर्वी गावातील तंटे गवतावर बसून मिटवीत, त्यावरून हे नाव पडले. 2002 मध्ये प्रायोगिक आरंभ झाला, 2005 पासून खटले चालले आणि जून 2012 मध्ये हे काम थांबले. सुमारे 12,000 न्यायसभांनी 19 लाखांहून अधिक प्रकरणे निकालात काढली. न्यायाधीश गावकऱ्यांनीच निवडलेले, वेतनाविना काम करणारे, वकील नाहीत. कबुली देणाऱ्यास शिक्षा कमी होई व तिचा काही भाग रस्ते, घरे, पायऱ्यांची शेते बांधण्याच्या कामात भोगता येई. कित्येक कुटुंबांना आपल्या माणसाचे प्रेत कोठे पुरले हे या सभांतच प्रथम कळले. माझ्या मते गचाचाची सर्वांत मोठी कमाई हीच. हे उत्तर आरुशाहून आले नसते.

तरीही दोष गंभीर होते. निवडलेल्या न्यायाधीशांपैकी अनेकांवरच संहाराचे आरोप निघाले. त्यांना दूर करावे लागले. साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींचे खूनही झाले. संहार थांबवून सत्तेवर आलेल्या रवांडन देशभक्त आघाडीच्या सैनिकांनी केलेल्या हत्या मात्र या सभांपुढे आल्याच नाहीत. ज्यांचे आप्त या सैनिकांच्या हातून गेले, त्यांना ‘या, बोला’ असे कोणी म्हटले नाही. सहभागाची सीमा सत्तेनेच आखली होती.

उमुगांडा आजही आहे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी 18 ते 65 वयाच्या नागरिकांनी त्यात यावयाचे असते; गैरहजेरीस दंड होऊ शकतो. दंडाच्या भयाने केलेल्या कामाला श्रमदान म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच. कामानंतर मात्र शेजारी सभेसाठी बसतात आणि गावच्या गोष्टी बोलतात.

गचाचातील बहुसंख्य प्रकरणे लुटीची व मालमत्तेच्या नाशाची होती. नेलेले परत करावे, त्याची किंमत द्यावी किंवा तेवढे श्रम करून द्यावेत, असे तीन मार्ग कायद्याने ठेवले होते. अनेक दोषींपाशी देण्यासारखे काहीच नव्हते, त्यामुळे पुष्कळांची भरपाई राहून गेली. काही ठिकाणी मात्र ज्याने घर लुटले, तोच त्या घरच्यांच्या शेतात कुदळ घेऊन उभा राहिला.