सीएमईला जाताय? आधी एका पॉइंटचा भाव काढा

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तुमची नोंदणी असेल, तर दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण आलं आणि त्यासाठी सीएमईच्या, म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या, कार्यक्रमांतून मिळवायचे ३० क्रेडिट पॉइंट आले. सरासरी वर्षाला सहा. नोंदणीची मुदत प्रमाणपत्रावर छापलेली असते. आत्ताच कपाटातून काढून बघा आणि ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, सहा महिने आधीच्या आठवणीसकट. शेवटच्या वर्षी वीस पॉइंट एकदम गोळा करायची वेळ आली की कोणतीही फी भरायची तयारी होते, आणि आयोजकांना ते पक्कं ठाऊक असतं.

ही माहिती एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांसाठी आहे. दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या, त्यांचे नियमही वेगळे.

जायचं कुठे? पहिलं उत्तर: सगळ्यात जवळचं शिकवणारं रुग्णालय. मुंबईत केईएम, जे. जे., सायन, नायर, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि मेयो, छत्रपती संभाजीनगरला घाटी, कोल्हापुरात सीपीआर, वर्ध्याजवळ सेवाग्राम. इथले विभाग आपापले अपडेट आणि एक दिवसाच्या कार्यशाळा घेत असतात. त्यांची जाहिरात मोठी नसते. विभागाच्या सूचनाफलकावर, माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर किंवा स्थानिक आयएमए शाखेच्या निरोपातून कळतं. विभागाच्या कार्यालयात फोन करा आणि पुढच्या तीन महिन्यांचे कार्यक्रम विचारा. सहसा क्लार्कच सांगतो, प्राध्यापकांपर्यंत जावं लागत नाही.

पैसे भरण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा. या कार्यक्रमाला कौन्सिलची मान्यता मिळाली आहे का? पॉइंट किती मंजूर झालेत? उपस्थितीची नोंद कधी आणि कशी होणार? ब्रोशरवर पॉइंटपुढे ‘अप्लाइड फॉर’ असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ अर्ज केलाय, मंजुरी हातात नाही. अशा कार्यक्रमाला शिकायला खुशाल जा, पण केवळ पॉइंटसाठी जात असाल तर थांबा. ऑनलाइन वेबिनारला हेच तीन प्रश्न दुप्पट लागू. ‘ई-सर्टिफिकेट मिळेल’ म्हणजे पॉइंट मिळतील असं नाही. कार्यक्रम दुसऱ्या राज्यात असेल आणि पॉइंट तिथली कौन्सिल देणार असेल, तर ते इथे धरले जातील का, हे तिकीट काढण्याआधी आपल्या कौन्सिलला ईमेल करून विचारा. उत्तर जपून ठेवा.

आता पैसे. हिशेब समजावा म्हणून आकडे धरून चालू. तुम्ही परभणीला प्रॅक्टिस करता आणि मुंबईतल्या दोन दिवसांच्या परिषदेला जायचं म्हणता. डेलिगेट फी ८,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४४०. कार्यशाळेची वेगळी फी ५,०००, तिच्यावर ९०० जीएसटी. इथेच झाले १५,३४०. प्रवास आणि दोन रात्रींचं हॉटेल ९,००० धरा, टॅक्सी आणि वरचं खाणं ३,०००. एकूण २७,३४०. पॉइंट चार मिळाले, तर एक पॉइंट ६,८३५ रुपयांना पडला. दवाखाना दोन दिवस बंद राहिला, तो तोटा यात धरलेलाच नाही. लोकम ठेवला तर त्याचे पैसे वेगळे.

त्याऐवजी जवळच्या शासकीय महाविद्यालयातला रविवारचा अपडेट घ्या. फी १,०००, जीएसटी लागला तर १८० आणि जाण्यायेण्याचे ८००. दोन पॉइंट मिळाले तर भाव ९९०. मोठ्या परिषदेला जाऊच नये असं नाही. नवी शस्त्रक्रिया बघायची असेल, परदेशी वक्ता ऐकायचा असेल तर जरूर जा. पण ती शिकण्यासाठी निवडा. पॉइंटची भरती स्थानिक कार्यक्रमांतून करा.

छुपे खर्च कुठे लपतात ते बघा. अर्ली बर्ड, रेग्युलर आणि स्पॉट अशा तीन पायऱ्यांत फी वाढते. फरक मोठा असतो, म्हणून शेवटच्या तारखेची वाट बघू नका. ‘प्लस टॅक्स’ हे शब्द बारीक अक्षरांत असतात. कार्ड किंवा पेमेंट गेटवेचं शुल्क शेवटच्या पानावर येतं. यूपीआय किंवा बँक ट्रान्सफरचा पर्याय आहे का ते बघा. कार्यशाळेची फी भरली तरी परिषदेची मुख्य नोंदणी सक्तीची असते, आणि हे अनेकांना पैसे भरताना कळतं. ‘रेसिडेन्शियल पॅकेज’ मध्ये खोली दोघांत वाटून असते; एकट्याला हवी तर वरचे पैसे. बॅन्क्वेटचं कूपन कधी फीमध्ये असतं, कधी नसतं. सोबत येणाऱ्या व्यक्तीची फी वेगळी, आणि त्या फीत तिला बहुधा जेवण आणि बॅगच मिळते. बॅगेबद्दल बोलायचं तर घरात आधीच चार असतील; किट नको म्हटलं म्हणून फी कमी करणारा आयोजक दुर्मीळच.

रद्द करण्याचा नियम भरण्याआधी वाचा. किती तारखेपर्यंत किती टक्के परत? जीएसटी परत होतो का? नोंदणी सहकाऱ्याच्या नावावर करून देतात का? ही शेवटची सोय असली तर इमर्जन्सी आली तरी पैसे बुडत नाहीत.

हँड्स-ऑन आणि कॅडॅव्हर कार्यशाळेत एक प्रश्न हमखास विचारा: एका टेबलावर किती जण? ‘ऑब्झर्व्हर’ जागा स्वस्त असते, पण तुम्ही मागे उभं राहून बघणार. हात लावायचा असेल तर जास्त पैसे भरा, नाहीतर तोच व्हिडिओ घरी बघा. संघटनेचे सभासद आणि बिगरसभासद यांच्या फीतला फरकही मोजा. तुमच्या विषयाची परिषद दरवर्षी गाठणार असाल, तर आजीव सभासदत्वाचे पैसे काही वर्षांत वसूल होतात. एकदाच जाणार असाल तर त्या भानगडीत पडू नका.

जागेवर पोचल्यावर

नोंदणी क्रमांक पाठ नसेल तर फोनमध्ये ठेवा. एक आकडा चुकला की पॉइंट दुसऱ्याच्या खात्यात किंवा कुणाच्याच नाही. नाव कौन्सिलच्या नोंदणीत आहे तसंच लिहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांनी इथे विशेष सांभाळा: बॅजवर एक नाव, नोंदणीत दुसरं, आणि मग पत्रव्यवहार. मान्यतेच्या कार्यक्रमाला कौन्सिलचा निरीक्षक येतो. सही करून दुपारी निघून जाण्याची सवय असेल तर मोडा, आणि मित्राला तुमची हजेरी लावायला सांगू नका. असं प्रमाणपत्र खोटं ठरलं तर प्रश्न पॉइंटपुरता राहत नाही. ‘घरबसल्या तीस पॉइंट, इतक्या रुपयांत’ असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका, पैसे तर मुळीच नाही.

प्रमाणपत्र मिळताच त्याचा फोटो काढा, एका फोल्डरमध्ये वर्षानुसार ठेवा. काही आठवड्यांनी कौन्सिलच्या पोर्टलवर आपल्या नावापुढे पॉइंट चढले का बघा. चढले नसतील तर आयोजकांना लगेच ईमेल करा. चार वर्षांनी आयोजक समितीतला एकही माणूस फोनवर सापडणार नाही.

कंपनी खर्च करते म्हणाली तर

एमआर म्हणेल, ‘सर, तिकीट-हॉटेल आमच्याकडे लागलं.’ नको म्हणा. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२चे नियम आहेत. २००९च्या दुरुस्तीने औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवास आणि पाहुणचार घेण्यावर त्यांत बंदी आली. २०२३च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे २००२चे नियमच पुन्हा लागू झाले. कंपन्यांसाठी मार्च २०२४ची वेगळी संहिता आहे: तुम्ही वक्ते नसाल तर प्रवासाचा खर्च कंपनीने करायचा नाही, घरच्यांचा तर नाहीच, परदेशात असे कार्यक्रम घ्यायचेही नाहीत. शिवाय कर आहे. एका वर्षात २०,००० रुपयांवर लाभ दिला तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएस कापायचा असतो, म्हणजे तो लाभ तुमच्या पॅनवर दिसतो आणि तुमचं उत्पन्न धरला जातो. फुकटची सहल विवरणपत्रात निघते.

स्वतःच्या खिशातून भरलं असेल तर खासगी प्रॅक्टिसवाल्यांना फी आणि प्रवास व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवता येतो. पावती तुमच्या नावाची हवी, पत्नी-मुलांचा खर्च त्यातून वगळलेला हवा. उत्पन्नाचा निम्मा भाग नफा धरून कर भरण्याची सोपी पद्धत निवडली असेल, तर हा खर्च वेगळा मागता येत नाही. पगारदारांनाही पगारातून वजावट नाही. ‘जीएसटी परत मिळेल’ असं कुणी म्हणालं तर त्यात अर्थ नाही: आरोग्यसेवेवर जीएसटी नसल्यामुळे बहुतेक डॉक्टरांना भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही.

रेसिडेंट आणि शिक्षक

पदव्युत्तर विद्यार्थी असाल तर पदव्युत्तर शिक्षणाच्या २०२३च्या नियमांनुसार वर्षाला पाच दिवस शैक्षणिक रजा तुमच्या हक्काची आहे. वीस दिवसांच्या किरकोळ रजेतून ती कापू देऊ नका. अर्जासोबत ब्रोशर जोडा, विभागप्रमुखांची सही आधी घ्या. विद्यार्थी दरासाठी बोनाफाइड पत्र लागतं. ते शेवटच्या दिवशी मिळत नाही. पोस्टर लावणार असाल तर सारांश स्वीकारला तरी सादरकर्त्याची नोंदणी वेगळी भरावी लागते. ई-पोस्टर असेल तर छपाई वाचते.

पहिल्याच वर्षी बीएलएस-एसीएलएस हवं. आधी कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये होतं का विचारा. बाहेर करणार असाल तर फीत काय काय आलं ते लिहून घ्या: मॅन्युअल, ई-कार्ड, नापास झालात तर पुन्हा परीक्षा. बीएलएस एक दिवस, एसीएलएस साधारण दोन. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं, त्यामुळे नोकरीसाठी करणार असाल तर फार आधी करू नका.

संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम, म्हणजे बीसीबीआर, चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आहे आणि ऑनलाइन आहे. नावनोंदणी आणि व्याख्यानं फुकट, पैसे फक्त परीक्षेचे. उत्तरं पुरवणारे गट पैसे मागतात; देऊ नका, व्याख्यानं ऐकली तर परीक्षा अवघड नाही. शिक्षकांना सहयोगी प्राध्यापक व्हायला हा अभ्यासक्रम आणि अध्यापन तंत्राचा अभ्यासक्रम दोन्ही लागतात. दुसरा तीन दिवसांचा असतो, जागा मर्यादित असतात, म्हणून बढतीच्या वर्षाआधीच नाव द्या. सरकारी नोकरीत असाल तर जाण्याआधी लेखी आदेश घ्या. परत आल्यावर उपस्थितीचं प्रमाणपत्र, फीची मूळ पावती आणि तिकिटं जोडूनच प्रवासभत्त्याचं बिल टाका. आदेश नंतरच्या तारखेचा असेल तर बिल परत येतं.

नूतनीकरणाचा अर्ज स्वतः ऑनलाइन भरा. जुनं नोंदणी प्रमाणपत्र, पॉइंटची प्रमाणपत्रं, फोटो, ओळखपत्र आणि वाढीव पदवी घेतली असेल तर तिच्या नोंदणीचा कागद, सगळं स्कॅन करून तयार ठेवा. शुल्क किती ते पोर्टलवर दिसतं, तेवढंच भरा. ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला वेगळे पैसे देण्यासारखं त्यात काहीही नाही.