परीक्षा कळफलकाची

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात लोणी नावाचे गाव आहे. या भागातील शेतकऱ्यांना कांदा विकावयाचा असला म्हणजे मंचरची बाजारपेठ जवळची. समजा, लोणीतील एक आजोबा घरी आहेत आणि त्यांचा मुलगा माल घेऊन मंचरला गेला आहे. आजोबांना मोबाइलवरून एवढेच विचारावयाचे आहे : ‘कांद्याला काय भाव मिळाला?’ आजोबांचे अक्षर वळणदार आहे. रोजचे वर्तमानपत्र ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. तरीही हे चार शब्द लिहिताना त्यांचा अंगठा पडद्यावर घुटमळत राहतो. अखेर ‘हे आपल्याला जमावयाचे नाही’ असे म्हणून ते मोबाइल खाली ठेवतात आणि नातवाला हाक मारतात.

यात उणे कोणाचे? पुष्कळांच्या मते आजोबांचे. परंतु विळ्याची मूठ हाताला बोचू लागली तर शेतकरी हाताला दोष देत नाही. तो मूठ तासून घेतो. संगणकाची आणि मोबाइलची सॉफ्टवेअरे रचणारी जाणती माणसे आज याच न्यायाने विचार करू लागली आहेत.

‘कांद्याला’ हा शब्दच पाहा. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात : कां, द्या, ला. पण यंत्राच्या दृष्टीने तेथे नऊ चिन्हे आहेत : क, काना, अनुस्वार, द, हलन्ताची खूण, य, काना, ल आणि पुन्हा काना. आज सर्वत्र दिसणाऱ्या इंग्रजी कळफलकाची मांडणी अमेरिकेत 1870 च्या दशकात सव्वीस अक्षरांसाठी झाली. मराठीत चौतीस व्यंजने. प्रत्येकाची बाराखडी मांडली तरी चारशे आठ अक्षरे होतात, आणि जोडाक्षरे तर निराळीच. इतक्या कळा कोणत्या फळीवर मावणार?

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये ‘इनस्क्रिप्ट’ नावाची मांडणी प्रमाण म्हणून ठरविली. डाव्या हाताला स्वर व त्यांची चिन्हे, उजव्या हाताला व्यंजने, अशी ती विचारपूर्वक केलेली योजना आहे, आणि मेजावरील कळफलकावर दोन्ही हातांनी लिहिणाऱ्यास ती फार सोयीची पडते. मात्र कोणती कळ कोठे हे आधी पाठ करावे लागते. मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर, एका अंगठ्याने, तेही क्वचित लिहिणाऱ्या माणसाने एवढे पाठांतर करावे ही अपेक्षा जास्तच म्हणावी लागेल. म्हणून कित्येक जण मराठी शब्द रोमन लिपीत लिहून मोकळे होतात. तसे लिहिले की ‘मत’ आणि ‘मात’ यांतील भेद सहसा उरत नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नसावे!

मुंबईतील पवई येथे भारतीय प्रौद्योगिकी संस्था, म्हणजेच आय. आय. टी., आहे. वस्तूंच्या रचनेचे शिक्षण देणारे एक केंद्र तेथे 1969 मध्ये स्थापन झाले. त्या केंद्रातील प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी या अडचणीकडे लक्ष दिले. आधी त्यांनी ‘कीलेख’ नावाचा एक कळफलक सिद्ध केला. पुढे 2013 मध्ये मोबाइलसाठी ‘स्वरचक्र’ लोकांपुढे आले. त्यामागचा विचार साधा, पण मार्मिक आहे. शाळेत गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला वर्णमालेचा क्रम पाठ असतो. मग नवे पाठांतर कशासाठी? म्हणून व्यंजने वर्णमालेच्याच क्रमाने मांडली. ‘क’वर बोट टेकले की त्याच्याभोवती का, कि, की, कु, कू अशा दहा रूपांचे चक्र उमटते, हवे त्या रूपाकडे बोट सरकवून उचलले की ते अक्षर लिहिले जाते. त्या चक्रात ‘क्’ हे पाय मोडलेले रूपही असते. ते निवडले म्हणजे पुढे कोणकोणती जोडाक्षरे होतील, ती कळांवर आधीच दिसू लागतात. आता ‘कांद्याला’ लिहावयाचे तर ‘का’, अनुस्वार, ‘द्’, ‘या’ आणि ‘ला’ एवढ्या पाच कृती पुरतात.

कागदावर ही रचना कितीही सुंदर दिसली, तरी ती खरी उतरली की नाही हे रचणाऱ्याला स्वतः सांगता येत नाही; त्याला तर प्रत्येक कळ ठाऊक असते. त्यासाठी अनभिज्ञ माणसाच्या हाती कळफलक द्यावा लागतो. या परीक्षेला ‘उपयोज्यता चाचणी’ म्हणतात. आरंभीच त्या माणसाला सांगतात : ‘ही तुमची परीक्षा नाही, कळफलकाची आहे.’ मग त्याला रोजच्या व्यवहारातले एखादे काम देतात, मनात येईल ते मोठ्याने बोलावयास सांगतात, आणि परीक्षक शेजारी मुकाट्याने बसतो. हे मुकाट्याने बसणे सर्वांत अवघड. समोरचा चुकीच्या कळेकडे वळला की ‘तिकडे नव्हे, इकडे!’ असे शब्द ओठांवर येतात. ते गिळावे लागतात. अंगठा कोठे थबकला, काय लिहून खोडले, किती वेळ लागला, हे सारे टिपून ठेवावे लागते.

यासाठी शेकडो माणसे लागतात असेही नाही. या विषयातील प्रसिद्ध अभ्यासक याकोब नील्सन यांनी 2000 मध्ये असे प्रतिपादन केले, की एका वेळी पाच जणांवर चाचणी घेतली तरी बहुतेक दोष उघड होतात. ते दुरुस्त करावेत आणि दुसऱ्या पाच जणांना बोलवावे. मात्र पाचही जण संस्थेतलेच तरुण विद्यार्थी असले, तर लोणीच्या आजोबांची अडचण कोणालाच दिसणार नाही. त्यांनी आयुष्यभर ‘द्या’ हे अक्षर एका झटक्यात लिहिले आहे. ते ‘द्’ आणि ‘या’ असे फोडावयाचे, हे त्यांना सहज सुचेलच असे नाही. अशा माणसाचा अंगठा तेथे थबकला, तर दुरुस्ती अंगठ्याची नव्हे, चक्राची करावी लागते.

अलीकडे बोललेले ऐकून ते लिहून काढणारी सॉफ्टवेअरेही मराठीत आली आहेत. त्यांना कळाही नकोत आणि चक्रही नको. पण शांत खोलीत घेतलेली त्यांची चाचणी पुरी पडत नाही. ती मंचरच्या बाजारात, लिलावाचा गलका चालू असताना, घ्यावी लागते.