गॅलरीतल्या मोरपंखीचा खर्च

शाळेत असताना वहीच्या पानांत जिची काडी जपून ठेवायची ती 'विद्या', म्हणजे मोरपंखी, गिरगाव-लालबागच्या गॅलऱ्यांत आजही दिसते. पण बहुतेक ठिकाणी ती आतून तपकिरी झालेली असते, हिरवेपणा उरतो तो शेंड्यापुरता. मग कोणी औषध आणतं, कोणी मूठभर खत घालतं, आणि महिन्याभरात झाड जातं. पैसा आधी कुंडीवर आणि मातीवर घाला. औषधाची बाटली सगळ्यात शेवटी.

सूचिपर्णी झाडं बहुतेक थंड हवेतली. आपल्याकडे कुंडीत तग धरणारी मुख्यतः दोनच, मोरपंखी आणि अरोकेरिया. अरोकेरियाला नर्सरीवाले ख्रिसमस ट्री म्हणतात. मूळची पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरची असल्यामुळे ती खारा वारा सोसते, त्यामुळे चौपाटीकडच्या घरांना चांगली. मात्र डिसेंबरात आणून टीव्हीशेजारी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली की खालच्या फांद्या गळतात, आणि गळलेल्या फांद्यांच्या जागी नव्या येत नाहीत. थंडीत हातगाडीवर मिळणारं पिवळसर, लिंबासारख्या वासाचं गोल्डन सायप्रस दिसतं सुरेख, पण आपला एप्रिल-मे त्याला सोसत नाही. ते घेऊच नका.

आता खर्च. हे आकडे अंदाजाचे आहेत, नर्सरीगणिक फरक पडेल. फूटभर मोरपंखी 100 ते 200 रुपये, दोन-तीन फुटी अरोकेरिया 500 ते 1000. बारा इंची प्लास्टिकची कुंडी 150 ते 250. माती, शेणखत, कोकोपीट आणि थोडी निंबोळी पेंड मिळून कुंडीमागे 200 च्या आसपास. नुसती लाल माती भरू नका, पाणी घालून घालून ती विटेसारखी घट्ट होते. आणि हे चाळीतल्यांसाठी: भिजलेली बारा इंची कुंडी सहज वीस किलोच्या पुढे जाते. जुन्या लाकडी गॅलरीत अशा कुंड्यांची रांग लावू नका, आणि कठड्याबाहेर तर एकही टांगू नका. खाली माणसं चालत असतात.

मोरपंखी उन्हाने मरते त्याहून जास्त साचलेल्या पाण्याने मरते. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. जूनच्या आधी कुंडीखालच्या थाळ्या काढून टाका. साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात, शिवाय त्याच पाण्यात डेंगीच्या डासांची पैदास होते आणि महापालिकेची नोटीस येऊ शकते.

ऑक्टोबरपासून धोका लाल कोळ्याचा. परळ-लालबागमध्ये बांधकामांची धूळ पानांवर बसते, आणि कोरड्या, धुळकट पानांवर ही कीड झपाट्याने वाढते. फांदीखाली पांढरा कागद धरून झटका द्या. कागदावर बारीक ठिपके चालायला लागले तर कोळीच. आठवड्यातून दोनदा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुतलं की बरंचसं काम होतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. तरी राहिला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि एक-दोन मिली पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याच्या अंतराने तीनदा. शंभर मिलीची बाटली 100 ते 150 रुपयांना मिळते आणि त्यात वीस लिटर फवारणी होते. हातपंप 200 रुपये. म्हणजे मोरपंखीचा पहिल्या वर्षाचा सगळा खर्च हजाराच्या आत बसतो.

आतली थोडी पानं तपकिरी होणं मोरपंखीत नैसर्गिकच आहे, ती हाताने झाडून काढा. छाटणी हिरव्या भागापुरतीच करा. जुन्या, पानं गेलेल्या लाकडापर्यंत कापलं तर तिथे पुन्हा फुटवा येत नाही. अरोकेरियाचा शेंडा कधीच कापू नका.

झुडपं त्या मानाने सोशिक. गणपतीसाठी जास्वंद बहुतेक घरांत हवी असते, आणि तिच्यावर पिठ्या ढेकूण येतोच. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने तो पुसा, आणि मुंग्यांची वाट तोडा, कारण त्या या किडीला राखतात आणि पसरवतात. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास ऊन लागतं; तेवढं नसेल तर पैसे घालवू नका. डिसेंबर-जानेवारीत छाटला तर उन्हाळ्यात फुलतो.

माळी आठवड्यातून एकदा यायचा तर महिन्याला हजार ते दीड हजार धरा. चार-पाच कुंड्यांसाठी तो नको. सोसायटीच्या आवारात जमिनीत वाढलेल्या झाडाला मात्र कोणालाही हात लावू देऊ नका. 1975 च्या राज्याच्या झाडे संरक्षण कायद्यामुळे आधी वॉर्डाच्या उद्यान खात्याची परवानगी लागते. दादर पश्चिमेला जी उत्तर, परळ-लालबागला एफ दक्षिण, गिरगावच्या बऱ्याच भागाला डी वॉर्ड.

खरेदीआधी जाणकारांना विचारायचं असेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत साधारण जानेवारी-फेब्रुवारीत महापालिकेचं पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे जरूर जा. जाताना घरातल्या आजारी फांदीचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा.