आधी वाचायला शिका, बोलायचं मग बघू

मी घरोघरी जाऊन आजारी आणि वयस्कर माणसांची देखभाल करते. माझी शाळा सातवीला सुटली. आमच्या वेळी सरकारी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं, पहिलीपासून ते २००० साली आलं. त्यामुळे ए-बी-सी-डी पाठ होती, इंग्रजीत सही जमायची, पण चार ओळी वाचता येत नव्हत्या. चाळिशी उलटल्यावर नेटाने वाचायला शिकले. आता संध्याकाळी वस्तीतल्या बायकांना घेऊन बसते. शिकताना आणि शिकवताना जे हाती लागलं, ते सांगते.

१. वाचणं वेगळं, बोलणं वेगळं.
गल्लोगल्ली 'स्पोकन इंग्लिश'च्या पाट्या दिसतात. नुसतं वाचायला शिकवणारा क्लास मला शोधूनही सापडला नाही. माझ्या कामात इंग्रजी बोलायची वेळ क्वचित येते, वाचायची मात्र रोज येते. औषधाची पट्टी, रक्ताचा रिपोर्ट, दवाखान्याची फाइल, मोबाइलवरचा बँकेचा मेसेज, हे सगळं समोर असतंच. मोठ्या माणसाला इंग्रजीची जी भीती असते ती चारचौघांत तोंड उघडण्याची असते. वाचताना ऐकायला कुणी नसतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या वयात सुरुवात वाचनानेच करावी.

२. कॅपिटल अक्षरं आधी पक्की करा.
पाट्या, शिक्के, फॉर्मवरचे रकाने बहुतेक कॅपिटलमध्ये असतात. डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ साली केला. तो पाळला जातो तिथे आमच्यासारख्यांचे डोळे लगेच सरावतात. लहान अक्षरं त्यानंतर घ्यावीत. तिथे बी आणि डी, पी आणि क्यू यांची गल्लत सगळ्यांचीच होते. आणखी एक गोष्ट शिकवणारे सांगत नाहीत. वहीतला लहान ए साधा गोल असतो, पण छापील पुस्तकात त्याच्या डोक्यावर वाकलेली रेघ येते. छापील जी तर पुष्कळदा खाली दुसरं वेटोळं घेऊन उभा असतो. ही रूपं पहिल्याच आठवड्यात शेजारी शेजारी लिहून दाखवावीत, नाहीतर शिकणारीला वाटतं की हे नवीनच अक्षर आलं. चाररेघी वही आणावी, तिची लाज वाटू देऊ नये.

३. अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज एक नसतो.
आपल्याकडे 'क'चं नावही क आणि आवाजही क. इंग्रजीत एचच्या नावात ह नाही, डब्ल्यूच्या नावात व नाही. सी कधी क होतो, कधी स. अक्षरं २६ आणि आवाज चाळिसाच्या वर, तेव्हा एकेका अक्षराला दोन-तीन कामं करावी लागतात. म्हणून 'एम-ए-टी मॅट' असा घोष करण्याऐवजी मी म्, ॲ, ट् असे आवाज जोडायला लावते. मराठी माणसाला एक सोय आहे. ॲ आणि ऑ हे इंग्रजी स्वर आपण आपल्या लिपीत कधीच घेऊन ठेवलेत.
शेवटच्या ईचा नियम समजला तेव्हा माझा सगळ्यात मोठा अडसर दूर झाला. के-आय-टी किट, पण पुढे ई लागला की काइट. एम-ए-डी मॅड, ई लागला की मेड. तो ई स्वतः गप्प राहतो आणि मागच्या स्वराला त्याच्या नावाने बोलायला लावतो. याला अपवाद आहेत, पण हा एक नियम शेकडो शब्द उघडून देतो.

४. स्टेशनच्या पाटीवरून अक्षरं शिका, नियम शिकू नका.
महाराष्ट्रातल्या स्टेशनवर नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असतं. फुकटचं आणि भलं मोठं पुस्तकच ते. दादर, नाशिक, मिरज ही नावं आपल्याला आधीच माहीत असतात, त्यामुळे अक्षरं पटकन ओळखू येतात. पण आपली गावं इंग्रजी अक्षरांत आपल्या रीतीने लिहिलेली असतात. वरचा शेवटच्या ईचा नियम पुण्याला लावला तर ते 'प्यून' होईल आणि ठाण्याचं 'थेन' होईल. टी-एच ठाण्यात ठ आहे आणि थेरगावात थ. हे आधी सांगितलं नाही तर शिकणारी कायमची गोंधळते.

५. स्पेलिंग आडमुठं आहे, तुमची बुद्धी नाही.
कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छपाई सुरू केली. त्यापुढे स्पेलिंग हळूहळू ठरत गेलं आणि त्याच काळात लोकांचे उच्चार बदलत राहिले. नाइट म्हणजे सरदार, या शब्दातला के एके काळी खरोखर उच्चारला जायचा. डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी तर पंडितांनी लॅटिनची आठवण म्हणून नंतर घुसवला. इंग्रज मुलांनाही आपली भाषा वाचायला स्पॅनिश किंवा फिनिश मुलांपेक्षा जास्त वेळ लागतो. हे ऐकल्यावर माझ्या बायकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

६. नेहमीचे शंभर शब्द डोळ्यांनी ओळखा.
द, ऑफ, ॲण्ड, टू, इन, इज, यू, दॅट. साध्या छापील मजकुरात निम्मे शब्द अशा शंभरेक शब्दांतलेच असतात. यातले कितीतरी आवाज जोडून वाचताच येत नाहीत. चेहरा ओळखावा तसे ते ओळखायचे. चिठ्ठ्या करून स्वयंपाकघरात लावा.

७. शब्द शेवटपर्यंत वाचा.
हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे, कारण यात दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असतो. अर्धवट वाचता येणारा माणूस पहिली दोन-तीन अक्षरं बघून अंदाज बांधतो. मेटफॉर्मिन मधुमेहाचं औषध. मेटोप्रोलॉल रक्तदाबाचं आणि हृदयाचं. मेट्रोनिडॅझोल जंतुसंसर्गावरचं. तिन्ही एम-ई-टीने सुरू होतात आणि एकाच घरात एकाच डब्यात असू शकतात. मी नाव कागदावर उतरवून घेते आणि पेन्सिलीने तुकडे पाडते: मेट, फॉर, मिन. मग प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून वाचते. त्यानंतर आकडा बघायचा, ५०० की १०००. आकड्याशेजारी एस-आर किंवा ई-आर अशी अक्षरं असली, तर ती गोळी पोटात सावकाश विरघळणारी असते. ती चुरायची नाही.
पट्टीवर ई-एक्स-पी म्हणजे मुदत संपण्याची तारीख. ती बहुधा पट्टीच्या एकाच टोकाला ठसवलेली असते, म्हणून गोळ्या दुसऱ्या टोकाकडून कापत यायच्या. चिठ्ठीवरचं ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. म्हणजे दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा. ही लॅटिनची लघुरूपं आहेत, ती पाठच करावीत. आणि मनात जराही शंका आली तर वाचता येण्याचा अभिमान बाजूला ठेवून औषधाच्या दुकानात किंवा डॉक्टरांना विचारावं. आजही मी विचारते.

८. वाक्यात 'नॉट' आधी शोधा.
मराठीत नकार शेवटी येतो: चावू नका, गोठवू नका. आपलं मन तो शेवटी येईल म्हणून थांबतं. इंग्रजीत तो सुरुवातीलाच येऊन गेलेला असतो. इन्सुलिनच्या खोक्यावर २ ते ८ अंशांत ठेवा असं असतं आणि पुढे 'डू नॉट फ्रीज'. मधला नॉट निसटला तर ते बर्फाच्या कप्प्यात जाईल आणि वाया जाईल. तसंच 'आफ्टर फूड'चं. आपण आधी जेवण म्हणतो, मग नंतर. तिथे नंतर आधी येतं. म्हणून मी बायकांना सांगते, पहिल्यांदा नॉट आहे का बघा, मग क्रियापद शोधा, बाकीचं त्यानंतर लावा.

९. लहान मुलांच्या गोष्टी खुशाल वाचा.
प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ साली स्टोरीविव्हर हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे गोष्टी मोबाइलवर फुकट वाचता येतात. त्यांना सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पायऱ्या लावलेल्या आहेत, आणि कितीतरी गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे सापडतात. आधी मराठीत वाचायची, मग तीच इंग्रजीत. डिक्शनरी हाताशी असू द्या, पण प्रत्येक शब्दाला उघडू नका. गोष्ट पुढे सरकत असेल तर एखादा शब्द सोडून द्यावा. औषधाच्या पट्टीवर मात्र एकही सोडायचा नाही.

१०. घरातले बोलतील, तरी वही मिटू नका.
रमाबाई रानडे लग्नानंतर आपल्या पतीकडून, न्यायमूर्ती रानड्यांकडून लिहायला-वाचायला शिकल्या आणि मग इंग्रजीही. घरातल्या बायकांनी त्यापायी किती छळलं ते त्यांनी १९१० साली आलेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. आज तितका विरोध होत नाही, पण 'या वयात कशाला' हे वाक्य अजून घराघरांत ऐकू येतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी ज्यांनी सोडलं, त्यांनी अवघड वाटलं म्हणून सोडलेलं नाही. घरातून रोजचा अर्धा तास मिळाला नाही म्हणून सोडलं.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्हाला वाचनाची गोडी आहे, आणि बहुतेक इंग्रजीही वाचता येत असेल. तुमच्या गावातल्या वाचनालयात किंवा महिला मंडळात आठवड्यातून दोन संध्याकाळी एक टेबल मागून घ्या. पुस्तक ठरवत बसू नका. येणाऱ्या बाईला तिच्या घरातली औषधाची पट्टी, पासबुक आणि मुलाच्या शाळेची नोटीस घेऊन यायला सांगा, आणि तिथूनच सुरुवात करा.