फोकसचा अखत्यार

चिरंजीव अनंत यास,

सप्ताहातील काल्याच्या कीर्तनाचे तू पाठविलेले चित्रीकरण मी आद्यंत पाहिले. आवाज स्वच्छ आहे, चौकटीची निवड डोळस आहे. परंतु निरूपणाच्या ऐन भरात बुवा विणेकऱ्याकडे वळले, की त्यांची मूर्ती धूसर होते आणि मागच्या रांगेतला एखादा टाळकरी मात्र लख्ख दिसू लागतो. अभंगाचा अर्थ बुवा जेवढा शब्दांनी सांगतात तेवढाच मुद्रेने सांगतात, आणि गावाबाहेर राहणाऱ्या ज्या माणसांसाठी तू हा खटाटोप केलास, त्यांच्या वाट्याला ती मुद्राच आली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले. फोकसची सारी मुखत्यारी तू यंत्राच्या हवाली केलीस; कोणाला पाहावयाचे हा निर्णय मात्र तुझ्याच अखत्यारीतला होता.

ऑटोफोकसचे स्वरूप नीट समजून घे. जुन्या पद्धतीचा कॅमेरा प्रतिमेतील उजेड-अंधाराच्या सीमा किती ठळक आहेत एवढेच मोजतो, आणि त्या सर्वाधिक ठळक कोठे होतात हे कळावे म्हणून लेन्स इष्ट स्थानाच्या थोडी पुढे नेऊन परत आणतो. चित्र मध्येच हेलकावते ते यामुळे. २०१३ साली कॅननने ईओएस ७०डी या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रबिंदू दुभंगून, दोन्ही अर्धांवरील प्रतिमांतील तफावतीवरून लेन्स कोणत्या दिशेने व किती सरकवावी हे आधीच ठरविण्याची योजना आणली, आणि तो हेलकावा पुष्कळ ओसरला. तथापि बुवा कोण आणि टाळकरी कोण, हे त्याही यंत्रास ठाऊक नसते. चेहरा ओळखण्याची सोय असली तरी बुवांनी पाठ फिरविताच ती समोर दिसेल त्या चेहऱ्याकडे वळू शकते.

म्हणून कीर्तनात मॅन्युअल हाच तुझा दस्तूर असू दे, आणि ऑटोफोकसने बोलाविल्यावरच यावे. अनेक व्हिडिओ कॅमेऱ्यांवर ‘पुश ऑटो’ नावाचे बटण असते ते याचसाठी. दाबून धरावे तेवढा वेळ यंत्र काम करते, सोडताच फोकस आहे तेथे स्थिर राहतो. आरंभीचे भजन चालू असतानाच झूम पूर्ण आत नेऊन बुवांच्या डोळ्यांवर हे बटण दाब, सोड, आणि मग चौकट हवी तेवढी मोकळी कर. झूम आत असताना फोकसची खोली सर्वांत उथळ असते, त्यामुळे तेथे अचूक बसलेला फोकस रुंद चौकटीत सहसा ढळत नाही. मात्र छायाचित्रणासाठी घडविलेल्या कित्येक झूम लेन्स चौकट बदलताच फोकस सोडतात. त्या लावशील तेव्हा प्रतिमा मोठी करून पुन्हा खात्री करून घे. फोकसमधला भाग दाखविणाऱ्या पीकिंगच्या रंगीत कडांवर तेवढ्यापुरते विसंबू नये, कारण किंचित मऊ प्रतिमेवरही त्या उमटतात. बुवा दोन पावले पुढे आले तर लेन्सवरचे फोकसचे कडे हातानेच हलक्याने फिरव. आरतीच्या धुरातही हाच मार्ग बरा.

तुझ्या दिशेने चालत येणाऱ्या दिंडीची गोष्ट निराळी. तेथे अंतर क्षणोक्षणी बदलते, हाताचा वेग अपुरा पडतो. तेव्हा विणेकऱ्याचा चेहरा निवडून ऑटोफोकसला खुशाल त्याच्या मागावर सोड, फक्त एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याची त्याची गती कमी ठेव.

येत्या एकादशीच्या कीर्तनापूर्वी ते बटण न पाहता बोटाला सापडेल इतका सराव कर, आणि कापाकापी न केलेले चित्रीकरण मला धाड.

तुझा,
काका